कामास योग्य कोण?

मनुष्य कामास निरुपयोगी झाला असें आपण फार लवकर ठरवितों. कोणाचा पाय गेला, कोणाची दृष्टि गेली, किंवा पन्नाशी उलटल्यावर नोकरी सुटली, कीं त्यास घरांत एक कोपरा मिळतो, दोन वेळचें जेवणही मिळतें. परंतु घरच्या व्यवहारांत त्याचें मत कोणी विचारीत नाहीं. अशा मनुष्यास पुन्हां काम कसें मिळतें, याचा थोडा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं करावा, म्हणून हा लेख.

महाड व पोलादपूर या तालुक्यांस हा प्रश्न नवा नाहीं. येथील शेती बहुतेक डोंगरउताराची व पावसाच्या भरंवशाची. भात, नाचणी, वरी घरांत आली कीं काम सरलें. म्हणून येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत, आणि त्यांतील पुष्कळजण कापडाच्या गिरण्यांत लागत. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते, आणि त्यांपैकीं हजारोंस गिरणीचें दार पुन्हां उघडलें नाहीं. चाळिशी-पन्नाशीचे साचेवाले व जॉबर कोंकणांत आपापल्या गांवीं परतले. मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा मनुष्य नांगरामागें अडखळूं लागला, कीं लोक त्यास आळशी म्हणावयास मोकळे! त्याचें कसब कोठेंही गेलें नव्हतें. तें जेथें चालावें ती जागा मात्र गेली होती.

अपंगांची स्थिति याहून फारशी निराळी नसते. काजूच्या कारखान्याचें उदाहरण घेऊं. काजूची बी वाफवावी लागते, मग फोडावी लागते, गर वाळवून त्याची साल काढावी लागते, आणि शेवटीं अख्खा, पाकळी, तुकडा अशी निवड करावी लागते. बी फोडण्याच्या साध्या यंत्रास हात व पाय दोन्ही लागतात. म्हणून पाय अधू असलेल्यानें कारखान्यांत पाऊल टाकूं नये काय? साल काढणें व निवड करणें हीं बैठीं कामें आहेत. तेथें पायांचें कांहीं अडत नाहीं, कानांचेंही नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळ तालुक्यांतील मोरे या गांवीं ‘स्वप्ननगरी’ येथें अपंगांच्या हातीं काजूचाच उद्योग देण्यांत आला. ही योजना कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ या संस्थेची. १९८४ सालीं ती स्थापणाऱ्या नसीमा हुरजूक स्वतः चाकांच्या खुर्चीवर वावरत. काजू आपल्याही डोंगरांत होतो, हें येथें सहज सांगून ठेवितों.

आतां आत्मविश्वासाविषयीं. समारंभांत अशा मनुष्यास हार घालून त्याच्या धैर्याची स्तुति करण्याची चाल पडली आहे. ती मला फारशी रुचत नाहीं. घरीं परतल्यावर त्याची सकाळ पूर्वीप्रमाणेंच रिकामी असते. बाबा आमटे यांनीं १९५१ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवन वसविलें, तेव्हां मूठभर कुष्ठरोग्यांसह प्रथम विहीर खणण्यास घेतली. बोटें झडलेल्या हातांनीं पाणी काढलें, शेत पिकविलें. पुढें तेथें हातमाग आले, इतर उद्योगही आले. धीर आधीं येऊन मग काम होत नाहीं. बहुधा पहिल्या कमाईच्या पाठोपाठ तो येतो.

कायदाही आतां बराच अनुकूल आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत किमान शेंकडा ४ जागा राखिल्या. १९९५ च्या कायद्यांत त्या ३ होत्या. शिवाय कामाच्या ठिकाणीं वाजवी सोय करून देणें हेंही कर्तव्य ठरविलें. परंतु या सवलतींस प्रमाणपत्र लागतें. त्यासाठीं अर्ज संगणकावर भरावयाचा असतो, आणि वैद्यकीय तपासणीही व्हावी लागते. जिल्ह्याचें ठिकाण अलिबाग पोलादपुराहून शंभर किलोमीटरांपेक्षां दूर. कुबड्या घेऊन एस. टी. बदलीत तेथवर जाणें साधें नव्हे, आणि कित्येकांचे कागद याच कारणास्तव घरीं पडून राहतात. वरच्या वर्गांतील मुलांस संगणकाची चांगली संवय असते. सुट्टींत आपल्या वाडीवरील अशा एका गृहस्थाचा अर्ज भरून देणें, तपासणीची तारीख विचारून ठेवणें, आणि त्या दिवशीं घरच्या वडील माणसासह त्याच्या सोबत जाणें, इतकें त्यांस करतां येईल.