कूस बदलताना उठणारी कळ

सातव्या महिन्यानंतर अनेकींना रात्री कूस बदलताना जांघेत एकदम कळ येते. एका पायावर भार टाकला की पुढचं हाड ठणकतं, चढ चढताना कमरेच्या मागं काहीतरी निसटल्यासारखं होतं. घरातली मोठी बाई म्हणते, ‘भरल्या दिवसांत असतंच असं.’ असतं हे खरं. साधारण पाच गरोदर बायकांमागे एकीला हा त्रास होतो. पण म्हणून तो मुकाट सोसायचा, हे मला पटत नाही.

कमरेची हाडं मिळून एक कडं तयार होतं. त्याला मागं दोन सांधे आणि पुढं, ओटीपोटाखाली, एक. पुढच्या सांध्यात कूर्चा असते आणि एरवी तिथली फट ४ ते ५ मिलिमीटर असते. गरोदरपणात ती आणखी २-३ मिलिमीटर रुंदावते. सांधे सैल करणारं ‘रिलॅक्सिन’ हे संप्रेरक फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये गिनीपिगवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. मात्र रक्तात रिलॅक्सिन जास्त म्हणजे दुखणंही जास्त, असा सरळ हिशेब लागत नाही. सैल सांध्यांवर भार कसा पडतो, यावर बरंच अवलंबून असतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर हा भार रोजचाच. कडेवर हंडा, नाहीतर आधीचं मूल. दोन्हींत कडं एका बाजूला ओढलं जातं. म्हणून पाणी दोन लहान भांड्यांत, दोन्ही हातांत सारखं आणावं. त्याहून बरं म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी आणावं. उतारावर पावलं लहान टाकावीत. लुगडं बसून नेसावं. झोपताना गुडघ्यांमध्ये घडी घातलेली गोधडी ठेवावी आणि गुडघे जुळवूनच वळावं. जीपमध्ये चढताना आधी टेकावं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. कमरेला आधाराचा पट्टा पोटावर न बांधता पोटाखाली, खुब्यांभोवती बांधावा. दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेऊ नये. विशेषतः पाचव्या महिन्यानंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. पॅरासिटामॉलही विचारूनच.

नंदुरबारसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कंबर, खुबा, मांड्यांची हाडं असह्य दुखतात. सांध्याचं दुखणं हालचालीनं वाढतं आणि पडून राहिलं की बहुधा उतरतं; सिकलसेलचं दुखणं पडून राहूनही थांबत नाही, सोबत ताप किंवा धाप असू शकते. ही वेदना ‘दिवसांची’ म्हणून घरी काढणं जिवावर बेतू शकतं. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत सिकलसेलची चाचणी मागून घ्यावी, नवऱ्याचीही करावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ पासून सुरू आहे. आशाताईंना विचारलं तर त्या वाट दाखवतील.

ठरावीक वेळानं येणाऱ्या कळा, रक्त किंवा पाणी जाणं, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. रस्ता नसलेल्या पाड्यावरून अडलेल्या बाईला झोळीतून खाली आणावं लागतं, तेव्हा हे कडं फार हेलकावे खातं. आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ असेल, तर तारखेच्या आधीच तिथं मुक्कामाला जावं. आणि प्रसूतीच्या खोलीत सिस्टरांना आधीच सांगावं, की गुडघे किती फाकवले की दुखतं; कुशीवर झोपूनही बाळंत होता येतं.