गाडीची किंमत म्हणजे नक्की कोणती?

श्रोतेहो, आज हातखंब्याला येताना वाटेत आम्ही एका गाडीचा फलक पाहिला. मोठ्या अक्षरांत किंमत आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘एक्स-शोरूम’. आता हा आकडा खोटा आहे का? नाही. जीएसटीसुद्धा त्यात धरलेला असतो. पण तेवढ्या पैशांत गाडी तिठ्यापर्यंतही आणता येत नाही!

समजा, फलकावर आठ लाख लिहिले आहेत. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतची पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर घेतली, तर एकरकमी वाहन कर 11 टक्के, म्हणजे 88 हजार. डिझेल असेल तर 13 टक्के. शिवाय नोंदणीची फी, फास्टॅग आणि विमा. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फलकावरचाच आकडा धरून कर्ज काढले. गाडी ताब्यात घ्यायच्या आठवड्यात लाखभर रुपये कमी पडले, तेव्हा त्याने मुलीच्या फीसाठी ठेवलेली ठेव मोडली. ‘सर, फसवलं असं म्हणता येत नाही हो, सगळं लिहिलेलं होतं,’ असे तो म्हणाला. आमचा विषय इथेच सुरू होतो. एकही वाक्य खोटे नाही, तरी माणसाचा निर्णय चुकला.

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. कर राज्याराज्यात वेगळा असतो, मग देशभराच्या जाहिरातीत एकच बेरीज कशी छापणार? टीव्हीवरच्या जाहिरातीपुरते हे आम्हाला मान्य आहे. पण रत्नागिरीच्या गिऱ्हाइकाची गाडी बहुधा एमएच-08 मध्येच नोंदवली जाणार, हे इथल्या विक्रेत्याला माहीत नसते काय? ऑस्ट्रेलियात तर ग्राहकाला किंमत सांगताना टाळता न येणारे सगळे खर्च धरून एकच आकडा दाखवावा लागतो.

मग ‘ऑन-रोड’ किंमत सांगितली की झाले का? नाही, इथेच खरी मेख आहे, बरं का. एक्स-शोरूम आकडा सक्तीचे खर्च लपवतो आणि ऑन-रोड आकडा ऐच्छिक खर्च लपवतो. त्या एका बेरजेत सरकारी कर असतो, तसाच मॅट आणि सीटकव्हरचा संचही असतो, वाढीव वॉरंटी असते आणि ‘हँडलिंग चार्जेस’ नावाचे काहीतरी असते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, 1 सप्टेंबर 2018 पासून. पण विमा कोणत्या कंपनीचा घ्यायचा, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे असते. सगळे एकाच ओळीत आले की माणसाला वाटते, सगळेच सरकारचे आहे.

कांटने 1785 साली एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो सर्वांना एकच भाव लावतो, त्यामुळे लहान मूलही त्याच्याकडून निर्धास्त खरेदी करू शकते. कांटला प्रश्न पडला होता तो दुकानदाराच्या हेतूचा. हे तो कर्तव्य म्हणून करतो की धंद्याची सोय म्हणून? आमचे लक्ष मात्र त्या मुलाकडे जाते. गाडीच्या दुकानात जो विचारतो त्याच्या कागदावरून हँडलिंग चार्जेस निघतात, आणि जो भिडेखातर गप्प बसतो त्याच्या कागदावर ते राहतात. म्हणजे त्या मुलाला मिळणारी सोय इथे प्रौढ माणसालाही नाही.

किंमत एकेक टप्प्याने उघड करण्याच्या युक्तीला आपल्याकडे 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांत नाव मिळाले आहे आणि ती अनुचित मानली आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915. पण त्याआधी, पैसे भरण्यापूर्वी, कोटेशन ओळीओळीने लिहून मागा आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा, ‘हे नको म्हटलं तर गाडी मिळेल का?’

गाडी दहा लाखांच्या वरची असेल, तर टीसीएस म्हणून एक टक्का घेतात. ते पैसे आयकराच्या विवरणपत्रात आपल्या खात्यावर धरले जातात, तेव्हा ती पावती जपून ठेवा. आता प्रश्न घेऊ.