आजार दुर्मीळ, वाहक नव्हेत

2021 मध्ये 16 कोटी रुपयांच्या एका इंजेक्शनच्या बातम्यांनी महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं व्यापली होती. तान्ह्या बाळांसाठी अनोळखी लोकांनी पैसे पाठवले आणि ‘स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी’, म्हणजेच एसएमए, हे नाव घरोघरी पोचलं. त्याबरोबर एक समजही रुजला: लाखात एखाद्याच्या नशिबी येणारा हा आजार, आपला त्याच्याशी काय संबंध?

आजार दुर्मीळ आहे हे खरं. साधारण दहा हजार जन्मांमागे एखादं बाळ तो घेऊन येतं. वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून बिघडलेलं जनुक बाळगणारे लोक, मात्र दुर्मीळ नाहीत. अमेरिकेत 72 हजारांहून अधिक नमुने तपासून 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 54 जणांमागे एक वाहक सापडला. भारतीय वंशाच्या लोकांत 52 मागे एक. लखनौच्या संजय गांधी पोस्ट ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटला उत्तर भारतीयांमध्ये तर 38 मागे एक आढळला. पाचशे पाहुण्यांच्या लग्नात या हिशेबाने दहाएक वाहक जेवून जातात, आणि आपण वाहक आहोत हे त्यांच्या गावीही नसतं.

वाहक इतके आणि रुग्ण इतके कमी, हे कसं? पन्नास माणसांमागे एक वाहक धरला, तर नवरा-बायको दोघंही वाहक असण्याची वेळ अडीच हजार जोडप्यांत एकावर येते. त्यांच्याही प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. गुणाकार केला की दहा हजारांत एक.

हे सारं पाचव्या गुणसूत्रावरच्या एसएमएन1 या जनुकाभोवती फिरतं. पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने ते 1995 मध्ये ओळखलं. त्याची एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. एक चांगली असली तरी काम भागतं, म्हणून वाहक ठणठणीत असतो. तो आजारी नाही, पुढेही त्याला एसएमए होणार नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, की मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरू लागतात. तीव्र प्रकारातलं बाळ टकामका बघतं, ओळखीचं हसतं. पण मान धरत नाही, रडण्यात जोर नसतो, पाय बेडकासारखे फाकलेले राहतात आणि जिभेवर बारीक थरथर दिसते.

‘आमच्या सात पिढ्यांत असं कुणी नाही’ हा दिलासा म्हणूनच पोकळ आहे. बिघडलेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या मुकाट पुढे जाते आणि सहसा दोन वाहक एकत्र आले तरच, तेही प्रत्येक वेळी नाही, उघड होते. गोत्र वेगळं, रक्तगट वेगळा, म्हणून धोका टळत नाही. रक्तगटाचा तर इथे काडीचाही संबंध नाही. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न केलं तर धोका नक्की वाढतो, कारण एकाच आजोबा-आजीकडून तीच प्रत दोघांकडे आलेली असू शकते. तरी नात्याबाहेरची लग्नं सुरक्षित, असा त्याचा अर्थ नव्हे.

सर्वांत क्रूर गैरसमज आईच्या माथी मारला जातो. ‘तिच्या माहेरचं दुखणं’ म्हणून सुनेला बोल लावणारी घरं आजही आहेत. एसएमएमध्ये आई-वडिलांचा वाटा सारखाच असतो. सुमारे दोन टक्के रुग्णांत तर एक बिघाड नव्यानेच झालेला असतो.

‘एक मूल गेलं, आता पुढची तीन सुखरूप’ हेही खोटं. प्रत्येक गर्भारपणात शक्यता तीच, चारात एक.

वाहक आहोत की नाही, हे रक्ताच्या एका तपासणीतून कळू शकतं, पण नेहमीच्या तपासण्यांत ती नसते, मागावी लागते. दोन्ही चांगल्या प्रती एकाच गुणसूत्रावर असलेले काही वाहक तिच्यातून निसटतात, तेव्हा अहवालाचा अर्थ जनुकतज्ज्ञाकडून समजून घ्यावा. जोडप्यातल्या एकाने आधी तपासणी करावी, तो किंवा ती वाहक निघाली तरच दुसऱ्याची करावी. मूल होऊ देण्याचा विचार करत असाल, तर गर्भ राहण्यापूर्वीच डॉक्टरांकडे हा विषय काढा.