अतिदक्षता विभागातील जंतूंची झडती

रोवणीच्या आधी जाणता शेतकरी धानाचे पऱ्हे न्याहाळून घेतो. त्यात धानासारखेच दिसणारे तण असते. ते तसेच गेले, तर साऱ्या बांधीत पसरते. दवाखान्याच्या अतिदक्षता विभागातही अशीच पाहणी करावी लागते. ती कशासाठी, हे आज पाहू.

औषध अपुरे घेतले तर जंतू त्यालाच पुरून उरतील, असे पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच बजावले होते. झालेही तसेच. कार्बापेनेम ही अगदी राखीव ठेवलेली औषधे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ साली ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात, या औषधांनाही दाद न देणाऱ्या आतड्यातील जंतूंचे २४ नमुने तपासले. त्यांपैकी २२ जंतूंपाशी औषध निकामी करणारे एनडीएम-१ हे हत्यार निघाले. हे हत्यार एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो!

तपासणी सोपी आहे. रोगी विभागात आला की नाकात किंवा गुदद्वारापाशी कापसाची काडी हलकेच फिरवतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवून कोणते औषध लागू पडते ते पाहतात. याला साधारण दोन-तीन दिवस लागतात.

आता तुम्ही म्हणाल, जंतू सापडले म्हणजे रोग झालाच की! तसे नव्हे. ते आतड्यात गुपचूप राहू शकतात; नुसते सापडले म्हणून सहसा औषधही देत नाहीत. पण शेजारच्या खाटेवर श्वासाची नळी, लघवीची नळी लावलेला अशक्त रोगी असतो. त्याच्या रक्तात ते शिरले, तर जिवावर बेतते. म्हणून खाट वेगळी, हातमोजे आणि झगा वेगळा. आपल्या माणसाला वाळीत टाकले, असे नातेवाइकांनी मानू नये.

आपल्याकडचा रोगी देवरीहून गोंदियाला, तिथून नागपूरला, असे दोन-तीन दवाखाने करून पोचतो. जंतूही त्याच्याबरोबर प्रवास करतात. तेव्हा आधीचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळून न्या. वर्षभरात रोगी कुठे भरती होता, हे न विचारता सांगा. भेटण्याआधी व नंतर हात धुवा, खाटेवर बसू नका. शिक्षक बंधुभगिनींनी एवढे गावात समजावून द्यावे. प्रयोगशाळेचा अहवाल दोन दिवसांनी येतो. तुमची माहिती डॉक्टरांना त्याच घटकेला मिळते, आणि शेजारच्या खाटेवरचा रोगी वाचू शकतो.