छोटी अणुभट्टी, पण कुणाच्या गावात?

महानिर्मिती आणि रशियाची अणुऊर्जा कंपनी ‘रोसाटॉम’ यांचा छोट्या अणुभट्टीसाठीचा सामंजस्य करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. डिसेंबरात संसदेने अणुऊर्जेचं दार खासगी कंपन्यांना उघडून देणारा ‘शांती’ कायदा मंजूर केला. तेव्हापासून ‘एसएमआर’ (स्मॉल मॉड्युलर रिअ‍ॅक्टर) ही तीन अक्षरं मंत्र्यांच्या भाषणांत, शेअर बाजाराच्या चर्चांत आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारख्याच सहजतेने फिरताहेत. छोटी अणुभट्टी कारखान्यात बनवायची आणि हवी तिथे नेऊन बसवायची, असा सगळा मामला. ‘रशियात तर चालूसुद्धा आहे,’ हे वाक्य त्यात हमखास येतं.

चालू आहे, यात खोटं काही नाही. फक्त ती कुठे चालू आहे आणि कशासाठी, एवढं सांगायचं राहून जातं.

ती चालू आहे चुकोत्कात. रशियाच्या नकाशावर उजवीकडे सरकत राहिलं की जमीन संपते तो कोपरा. पलीकडे बेरिंगची सामुद्रधुनी आणि मग अलास्का. क्षेत्रफळ सुमारे ७ लाख २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सव्वादोन पटींहून जास्त. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार ४७ हजारांच्या आसपास. एवढी माणसं आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात मावतात. १९८९ मध्ये हाच आकडा १ लाख ६० हजारांवर होता. सोव्हिएत संघ मोडला, खाणींचे पगार थांबले आणि लोक चंबूगबाळं आवरून निघून गेले.

चुकोत्का रशियाच्या राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडलेला नाही. इतकंच काय, चुकोत्का चुकोत्कालाही नीट जोडलेला नाही. राजधानी अनादिरचं जाळं कोळसा आणि स्थानिक वायूवर चालतं, जोडीला थोड्या पवनचक्क्या. एग्वेकिनोतचं जाळं कोळशावर. उत्तरेकडचं चाउन-बिलिबिनो हे तिसरं जाळं अणुऊर्जेवर. या तिघांच्या बाहेरची किनाऱ्यावरची आणि टुंड्रातली खेडी डिझेल जनरेटरवर. समुद्र गोठलेला नसतो ते वर्षातले जेमतेम तीन-चार महिने. तेवढ्यात वर्षभराचं डिझेल, कोळसा, पीठ, साखर, औषधं जहाजांनी आणून टाकायची. या धांदलीला रशियात ‘सेव्हर्नी झावोझ’ म्हणतात. एखादं जहाज चुकलं, तर पुढचं बर्फ वितळल्यावर.

आता पेवेक. रशियातलं सर्वांत उत्तरेकडचं शहर, वस्ती चार-साडेचार हजारांची. डोंगरावरून खाली कोसळणाऱ्या वाऱ्याला इथे ‘युझाक’ म्हणतात आणि तो सुटला की माणसं घराबाहेर पडत नाहीत. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. जमीन कायमची गोठलेली, म्हणून इमारती खांबांवर उभ्या. पायथ्याची माती वितळली तर इमारत कलते. गरम पाण्याचे नळही त्याच कारणाने जमिनीवरून जातात. जाड वेष्टणात गुंडाळलेले ते नळ गल्लीबोळांतून या घरातून त्या घरात शिरताना दिसतात.

या नळांकडे बघितल्याशिवाय चुकोत्काच्या विजेचं गणित कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. उणे तिशीच्या थंडीत वीज गेली तर दिवे जातात, हा तिथला किरकोळ त्रास. उष्णता गेली तर नळांतलं पाणी गोठतं, नळ फुटतात आणि आख्खी इमारत राहण्याजोगी उरत नाही. त्यामुळे वीजकेंद्र हा तिथे आधी गावाचा बंब असतो, वीज हे त्याचं दुसरं काम.

कुठलीही अणुभट्टी मुळात उष्णताच तयार करते. तिच्यातला एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग विजेत उतरतो, उरलेला टाकून द्यावा लागतो. तारापूरला तो अरबी समुद्रात जातो. कोळशाच्या केंद्राचंही तेच. चंद्रपूरला शीतकरण मनोऱ्यांतून वाफ होऊन उडतो. पेवेकमध्ये ही टाकाऊ उष्णताच गिऱ्हाईक शोधत आलेला माल आहे. बंदरात उभ्या असलेल्या ‘अकादेमिक लोमोनोसोव’ या तरंगत्या केंद्रात केएलटी-४०एस जातीच्या दोन अणुभट्ट्या आहेत. प्रत्येकीची औष्णिक क्षमता १५० मेगावॉट, विजेची फक्त ३५. केवळ विजेच्या बाजूने पाहिलं तर हा हिशेब गरिबीचा दिसतो. शहर तापवायचं म्हटलं की तोच शहाणपणाचा ठरतो. २०२० पासून पेवेकच्या नळांत या अणुभट्ट्यांची ऊब वाहते आहे आणि १९४४ मध्ये उभारलेलं कोळशाचं जुनं केंद्र निवृत्तीच्या वाटेला लागलं आहे. चंद्रपुरात मे महिन्यात ही ऊब कोण विकत घेणार?

१९४४ हे साल सहज आलेलं नाही. पेवेक वाढलं ते स्तालिनच्या काळात, कैद्यांच्या श्रमांवर. आसपास कथील निघालं आणि मग युरेनियमही. सोव्हिएत अणुबॉम्बच्या घाईत पेवेकजवळच्या छावणीतल्या कैद्यांनी हे युरेनियम खणलं. आज तिथल्या बंदरात अणुऊर्जेचं जहाज राष्ट्रध्वजाच्या रंगांत रंगवून उभं आहे. पर्यटन माहितीपत्रकात हा योगायोग छापला जात नसावा.

जहाज म्हटलं खरं, पण त्याला स्वतःचं इंजिन नाही. १४४ मीटर लांबीचा हा तराफा ओढून न्यावा लागतो. बांधणी २००७ मध्ये सुरू झाली, मध्येच गोदी बदलली, खर्च अनेक पटींनी फुगला. २०१८ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून निघताना इंधन भरलेलं नव्हतं. भरलेल्या अणुभट्ट्या आपल्या किनाऱ्यांवरून जाणार म्हणून शेजारी देश अस्वस्थ झाले होते, म्हणून इंधन मुर्मान्स्कला भरलं. सप्टेंबर २०१९ मध्ये तराफा पेवेकला लागला, डिसेंबरात वीज सुरू झाली आणि मे २०२० मध्ये व्यापारी उत्पादन. कारखान्यात बनवून झटपट बसवायच्या यंत्राला तेरा वर्षं लागली. पर्यावरणवाद्यांनी ‘तरंगतं चेर्नोबिल’ म्हणून आरोळी ठोकली, ती मला अतिशयोक्त वाटते. या जातीच्या अणुभट्ट्यांचा वंश रशियन हिमभंजक जहाजांवर दशकानुदशकं वावरलेला आहे. वापरलेलं इंधन मात्र तराफ्यावरच साठवलं जातं, आणि सुमारे बारा वर्षांनी सगळा संसार ओढून परत न्यायचा, अशी योजना आहे. हे जगातलं पहिलं तरंगतं अणुवीजकेंद्र, हा दावाही अर्धाच खरा. अमेरिकी लष्कराने ‘स्टर्जिस’ नावाच्या जहाजावर १० मेगावॉटची अणुभट्टी बसवून १९६८ पासून काही वर्षं पनामा कालव्याच्या परिसराला वीज पुरवली होती. ते जहाज पूर्ण मोडीत निघायला २०१९ उजाडलं.

चुकोत्कात अणुवीज लोमोनोसोवच्या आधीही होती. आत डोंगरात बिलिबिनो आहे, सोन्याचा माग काढणाऱ्या युरी बिलिबिन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या नावाचं गाव. तिथे १९७४ ते १९७६ दरम्यान १२ मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या सुरू झाल्या, चेर्नोबिलसारख्याच ग्रॅफाइटच्या घराण्यातल्या, पण चिमुकल्या. सोन्याच्या खाणींना वीज आणि गावाला उष्णता, हे काम त्यांनी मुकाट्याने केलं. पहिली २०१९ मध्ये बंद झाली, उरलेल्यांचेही दिवस भरत आले आहेत. म्हणजे ‘छोटी अणुभट्टी’ ही कल्पना इथे पन्नास वर्षांची आहे. आपल्याकडेही ती नवी नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्याख्येत ३०० मेगावॉटपर्यंतची अणुभट्टी छोटी धरतात. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १६० मेगावॉटच्या आहेत. गेल्या अर्धशतकात आपण त्या मोठ्या करत आलो ते हौसेने नाही. मोठ्या यंत्रात युनिटमागचा खर्च उतरतो, म्हणून.

लोमोनोसोवने पहिल्या पाच वर्षांत सुमारे एक अब्ज युनिट वीज दिली, अशी बातमी मोठ्या अभिमानाने आली होती. भागाकार केला तर सरासरी उत्पादन २३ मेगावॉटच्या आसपास येतं, म्हणजे ७० मेगावॉट क्षमतेचा तिसरा हिस्सा. एवढी वीज महाराष्ट्र दोनेक दिवसांत संपवतो. यात यंत्राचा दोष नाही. चार हजारांचं शहर आणि मोजक्या खाणी वापरून वापरून किती वापरणार? पण अणुऊर्जा परवडते ती भट्टी अहोरात्र पूर्ण जोमात चालली तरच. इथे ती का परवडते, याचं उत्तर तांत्रिक नाही. डिझेल त्याहून महाग पडतं आणि उरलेली तूट सरकार भरतं. सुदूर पूर्वेतली वीज स्वस्त ठेवण्यासाठी २०१७ पासून उर्वरित रशियातल्या ग्राहकांवर बोजा टाकला जातो. महावितरणच्या क्रॉस सबसिडीवर वर्षानुवर्षं बोटं मोडणाऱ्या आपल्या उद्योजकांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

रशियाला तिथे खरा रस आहे तो पुढच्या टप्प्यात. बाइम्स्काया इथल्या तांब्याच्या प्रचंड साठ्यासाठी रिटम-२०० जातीच्या अणुभट्ट्यांचे, प्रत्येकी शंभर मेगावॉटच्या घरातले चार तराफे आखले आहेत. त्यांतल्या पहिल्या दोघांच्या सांगाड्याचं कंत्राट चिनी गोदीला दिलं गेलं. खाण चालली तर तराफे चालतील. तिथे गिऱ्हाईक आधी ठरलं, मग यंत्र.

आपल्या करारात भर आहे थोरियमवर. पेवेकची भट्टी चालते समृद्ध युरेनियमवर, बिलिबिनोचीही तेच खाते. म्हणजे ‘रशियात चालू आहे’ हे वाक्य आपल्या कराराच्या मदतीला इंधनाच्या बाबतीतही येत नाही. महाराष्ट्राची कमाल मागणी ३० हजार मेगावॉटच्या घरात, जाळं सगळ्या देशाला जोडलेलं आणि दुपारी सौरवीज मुबलक. लक्षद्वीपसारखी बेटं किंवा लडाखचा एखादा दुर्गम भाग असता तर पेवेकचा दाखला निदान ऐकून घेता आला असता. महानिर्मितीचा प्रकल्प अहवाल जेव्हा केव्हा येईल, तेव्हा मी सुरक्षिततेच्या प्रकरणाआधी त्यातला एक आकडा शोधेन: भट्टी वर्षातले किती तास पूर्ण क्षमतेने चालेल असं गृहीत धरलंय, आणि ती तशी चालली नाही तर फरक कुणाच्या बिलात लागणार आहे.