आमच्या डोंगरचा हिरडा

नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या सडकेवर मार्गासनी हें गांव लागतें. येथून पश्चिमेस मुलूख चढत जातो व तोरण्याच्या माथ्यावर तो सुमारें १४०० मीटरांची उंची गांठतो. या डोंगराळ मुलखांत जो हिरडा उभा आहे, त्याविषयीं चार शब्द शेतकरी बंधूंपुढें ठेवावे असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें. अलीकडे औषधी पुड्यांवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द छापून येतो. झाड आपलें, पण त्या शब्दाचा अर्थ मात्र व्यापाऱ्यासच ठाऊक, अशी स्थिति आहे.

तेल खवटतें, लोखंड गंजतें, हीं प्राणवायूचीं कामें होत. शरीरांतहि अन्नापासून शक्ति निर्माण होतांना कांहीं उनाड कण उत्पन्न होतात व ते पेशींस इजा करितात; त्यांना आवरणारीं द्रव्यें तीं अँटिऑक्सिडंट. उंचावरील प्रखर ऊन व थंडी सोसण्याकरितां पुष्कळ वनस्पति अशीं द्रव्यें अधिक बनवितात. लडाखांतील सी-बकथॉर्न नांवाचें काटेरी झुडूप त्यासाठींच नांवाजलें आहे. हिरडा मात्र पायथ्याच्या रानांतहि येतो, तेव्हां त्याच्या गुणाचें सारें श्रेय उंचीला देतां येत नाहीं.

हिरड्याच्या वाळल्या फळांत टॅनिन नांवाचीं तुरट द्रव्यें शेंकडा २० ते ४० असतात. कातडीं कमावण्यास हिरडा लागे तो यामुळेंच, आणि गॅलिक व एलॅजिक हीं आम्लेंहि याच कुळांतलीं. हिरडा चिरतांना कोयत्याचें पातें काळें पडतें, हें कोणीहि पाहावें. दप्तरांत उभी हयात गेल्यामुळें शाईचा विषय आम्हांस जवळचा. हिरडा व हिराकस एकत्र करून शाई करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी होती. तुरट द्रव्य लोखंडाला धरून ठेवतें म्हणून काळा रंग येतो. आणि मोकळें लोखंड शरीरांत उनाड कणांना चेतवीत असल्यामुळें, त्याला असें धरून ठेवणें हा अँटिऑक्सिडंट गुणाचाच एक भाग आहे. तथापि याच कारणानें अन्नांतील लोहहि अंगीं कमी लागतें. ज्यांच्या अंगांत रक्त कमी आहे त्यांनीं जेवणाबरोबर हिरडा घेऊं नये. गर्भवतीस तर तो आयुर्वेदानेंच वर्ज्य सांगितला आहे.

परीक्षानळींत दिसलेला गुण रोग्याच्या अंगीं उतरेलच, असेंहि कोणी मानूं नये. फिनलंडांत २९,००० हून अधिक धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होतां उलट वाढलेला आढळला. अमेरिकेच्या कृषिखात्यानें खाद्यपदार्थांच्या या शक्तीचा तक्ता २०१२ सालीं मागें घेतला, कारण विक्रेते त्याचा गैरवापर करूं लागले होते. आजीबाई सहाणेवर हिरड्याचा एक वेढा उगाळून बाळगुटींत देते. तिचें तें माप आम्हांस पुड्यांवरील जाहिरातीपेक्षां अधिक शहाणपणाचें वाटतें.

आतां आपल्या पदरच्या गोष्टी. बाळहिरडा म्हणजे आंत आठळी धरण्यापूर्वीं काढून वाळविलेलें कोंवळें फळ. त्याच्या वाळवणीच्या दिवसांतच वळवाचा पाऊस गांठतो. भिजलेल्या मालावर बुरशी चढली कीं औषधी म्हणून त्याची किंमत गेलीच. यास्तव जमिनीवर न पसरतां ताटवावर किंवा स्वच्छ खळ्यावर पसरावा, सायंकाळीं झांकावा, पूर्ण वाळल्यावांचून पोत्यांत भरूं नये. जून २०२० मधील निसर्ग वादळानें जुन्नर-आंबेगांवच्या हिरड्याची जी हानि केली, ती स्मरणांत असावी.

१९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचींत हिरडा आहे, म्हणून स्वतःच्या मालकीच्या शेतांतलें झाडहि परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. परंतु नवीं झाडें कायद्यानें उगवत नाहींत. सारा बाळहिरडाच काढून नेला तर पिकून बीं धरण्यास फळ उरत नाहीं. आणि बियांचें कवच कठीण असल्यामुळें उगवण मुळांतच मंद. प्रत्येक बांधावरील एक-दोन जोमदार झाडें न झोडतां राखावीं, हिंवाळ्यांत पिकून पडलेलीं फळें वेंचून गर काढावा, आणि पावसाच्या तोंडीं तें बीं पिशव्यांत लावावें.