मज्जातंतूंचा दाह आणि एक सर्वसामान्य विषाणू

विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे मेंदूतील व पृष्ठरज्जूतील मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या मेदयुक्त द्रव्याचे आवरण असते. मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ह्या आवरणावर उलटते. जागोजागी दाह होतो, आवरण झडते आणि तंतूंतून जाणारे संदेश अडखळू लागतात. ऐन विशी-तिशीतील मनुष्याला एका डोळ्याने अंधुक दिसते, पाय जड होतात. काही दिवसांनी बरे वाटते आणि पुन्हा व्यथा उद्भवते. फ्रेंच वैद्य शार्को ह्यांनी १८६८ मध्ये ह्या रोगाचे स्पष्ट वर्णन केले. तो कशाने होतो, ह्याचा उलगडा मात्र दीर्घकाळ झाला नाही. गोवराच्या विषाणूपासून कुत्र्यांच्या एका रोगाच्या विषाणूपर्यंत अनेकांवर आळ आला. तो टिकला नाही.

एपस्टाइन-बार हा विषाणूही असाच एक संशयित होय. युगांडातील मुलांच्या गाठींपासून वाढविलेल्या पेशींत तो १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला. तो लाळेतून पसरतो, बालपणी बहुधा नकळत येतो आणि काही पांढऱ्या रक्तपेशींत जन्मभर मुक्काम करतो. अडचण अशी, की शंभर प्रौढांपैकी सुमारे ९५ जणांच्या शरीरात तो असतोच. घरोघरी सापडणाऱ्या वस्तूवरून चोर कसा ओळखावा? ज्यांना त्याची बाधा झालेलीच नाही अशी थोडी माणसे शोधून त्यांचे पुढे काय होते हे पाहणे, हाच खात्रीचा मार्ग.

ती सामग्री अमेरिकेच्या सैन्यदलांनी अजाणता साठवून ठेवली होती. तेथील सैनिकांचे रक्त एड्सच्या विषाणूसाठी ठरावीक काळाने तपासले जाई व उरलेला रक्तरस गोठवून ठेवला जाई. हार्वर्ड विद्यापीठातील ब्यॉर्नेविक, आस्केरिओ व त्यांचे सहकारी ह्यांनी एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासल्या. पुढे हा रोग जडलेल्या ८०१ जणांचे नमुने त्यांना मिळाले. पैकी केवळ ३५ जण पहिल्या नमुन्याच्या वेळी विषाणूपासून मुक्त होते. रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वी त्यांतील ३४ जणांना बाधा झाली होती. रोग न जडलेल्या, पण आरंभी तशाच मुक्त असलेल्या सैनिकांत हे प्रमाण निम्म्याहून थोडेच अधिक भरले. बाधेनंतर रोगाचा धोका ३२ पट झाला होता. लाळेतूनच पसरणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूने तो वाढला नव्हता. शिवाय मज्जातंतूंना इजा झाली म्हणजे रक्तात वाढणारे एक प्रथिन ह्या रोग्यांत बाधेनंतरच वाढलेले दिसले. हे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

तरीही ‘कारण’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. पावसावाचून पीक नाही. पण पाऊस पडला म्हणजे पीक आलेच असे नव्हे. विषाणू बाळगणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हा रोग जडतो. आनुवंशिकता, धूम्रपान ह्यांचाही त्यात वाटा आहे. विषाणू नेमके काय करतो, ह्याचा एक धागा त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथे हाती आला. त्याच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतील आधारपेशींच्या प्रथिनाशी इतका मिळताजुळता आहे, की विषाणूविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे काही रोग्यांत दोहोंनाही चिकटतात.

ह्या विषाणूवरील लसींच्या चाचण्या चालू आहेत. परंतु बाधा आणि लक्षणे ह्यांत वर्षांचे अंतर पडते. त्यामुळे लसीने हा रोग टळतो किंवा कसे, हे लस टोचलेली मुले वयात येऊन तिशी गाठतील तेव्हाच कळेल.